दोन दिवसांचं कुस्को, कमी खर्चात आणि माचू पिच्चूशिवाय

तुमचा प्रश्न असा आहे: कंपनीच्या कामासाठी तीन महिने पेरूच्या राजधानीत, लिमात आहात, पत्नीही सोबत आहे, एक शनिवार-रविवार मोकळा मिळतोय आणि विमानाचं तिकीट सोडून दोघांत वीस हजार रुपयांच्या आत कुस्को बघायचं आहे. पत्नी शाकाहारी आहे. त्याच दोन दिवसांत माचू पिच्चूही उरकता येईल का, हेही तुम्ही विचारलंय.

कुस्को जमेल, वीस हजारांत आरामात जमेल. माचू पिच्चू मात्र या खेपेला सोडून द्या. मी बरीच वर्षं मराठी मंडळींना घेऊन पेरूत फिरते आहे आणि या एका मुद्द्यावर मी कुणाचंही मन राखत नाही, कारण दोन दिवसांत दोन्ही करायला गेलेला माणूस दोन्हीकडचं काहीच धड बघत नाही.

हिशेब करून बघा. कुस्कोहून ओयान्तायताम्बो गावापर्यंत रस्त्याने सुमारे दोन तास. तिथून माचू पिच्चूच्या पायथ्याच्या आगुआस कालियेन्तेस गावापर्यंत रेल्वे, पावणेदोन ते दोन तास. मग डोंगरावर नेणारी बस, अर्धा तास. मधली थांबाथांब धरली तर एका बाजूला पाच तास गेले. परदेशी माणसाचं प्रवेश तिकीट दीडशे सोलच्या (सोल हे पेरूचं चलन) पुढे, वरखाली करणाऱ्या बसचे सुमारे २४ डॉलर, आणि रेल्वेचं येण्या-जाण्याचं भाडं बहुतेक वेळा माणशी शंभर डॉलरच्या वर. म्हणजे तुमच्या वीस हजारांतला मोठा भाग एकट्या माणसावरच संपतो. शिवाय प्रवेशाची वेळ ठरलेली असते, रोजच्या तिकिटांची संख्या ठरलेली असते आणि गर्दीच्या महिन्यांत ती खूप आधी संपतात. त्यासाठी पुढे कधीतरी चार-पाच दिवस काढा.

लोकांच्या डोक्यात कुस्को म्हणजे माचू पिच्चूला जाताना लागणारं स्टेशन, एवढंच असतं. खरं तर ही इंका साम्राज्याची राजधानी. माचू पिच्चू हे डोंगरातलं एक राजेशाही ठाणं होतं, राज्य इथून चालायचं. १५३३ च्या नोव्हेंबरात स्पॅनिश सेनानी पिझारोचं सैन्य या शहरात शिरलं, पुढच्या वर्षी स्पॅनिशांनी ते आपल्या रीतीने पुन्हा ‘वसवलं’, आणि इंकांच्या भिंती पायाला धरून त्यांवर आपले वाडे, मठ, चर्च उभे केले. ते सगळं आजही एकावर एक दिसतं आणि त्यातलं बरंचसं रस्त्यावर उभं राहून, एक पैसा न देता दिसतं. कमी खर्चात बघायला याहून चांगलं शहर मला दक्षिण अमेरिकेत माहीत नाही.

आता पैशांच्या आधी उंचीचं बोलू, कारण तुमची सहल बिघडली तर ती उंचीमुळे बिघडेल.

लिमा समुद्राकाठी आहे. कुस्को ३,४०० मीटरवर. विमान सव्वा तासात तुम्हाला तिथे नेऊन सोडतं आणि शरीराला त्याची काहीच कल्पना नसते. उतरल्यावर पहिले काही तास बहुतेकांना ठीक वाटतं, आणि तिथेच फसगत होते. माणूस उत्साहात चढावरच्या सान ब्लास वस्तीच्या पायऱ्या चढतो, दुपारी भरपेट जेवतो, संध्याकाळी पिस्को सावर हे तिथलं दारूचं पेय घेतो आणि रात्री डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, झोप लागत नाही. याला तिथले लोक सोरोचे म्हणतात. त्रास सहसा पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतो, त्यामुळे सकाळी आलेल्याला तो रात्री गाठतो. वय, व्यायामाची सवय, सह्याद्रीतले ट्रेक यांवरून कुणाला त्रास होईल हे सांगता येत नाही. रोज पळणारी तरुण मुलं आडवी पडलेली आणि सत्तरीच्या आजी निवांत फिरताना मी पाहिल्या आहेत.

म्हणून पहिल्या दिवशी सपाट भागात, हळू, दोन घोट पाणी पीत फिरायचं. रात्री हलकं खायचं, दारू नाही. अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी आहे, आपल्याकडे डायामॉक्स म्हणून मिळते. ती साधारणपणे आदल्या दिवशी सुरू करतात. पण सल्फा औषधांची अॅलर्जी, किडनीचा त्रास, गरोदरपण असं काही असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लिमातच डॉक्टरांना विचारून घ्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर ही सहल ठरवण्याआधीच विचारा. आणि शांत बसलेलं असताना दम लागत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा चालताना झोकांड्या जात असतील, तर सकाळची वाट न बघता थेट दवाखाना. लवकरात लवकर खाली उतरणं हाच त्यावरचा मुख्य इलाज.

हॉटेलात पाय ठेवताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येईल. पेरूत तो कायदेशीर आहे, शेकडो वर्षांची रीत आहे, आणि प्यायला चांगलाही लागतो. पण तुमच्या कंपनीत नशेच्या पदार्थांसाठी लघवीची तपासणी होत असेल तर पिऊ नका, कपभर चहानेही ती तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि पानं किंवा चहाच्या पुड्या भेट म्हणून सामानात टाकू नका. भारतात आणि अमेरिकेत त्या बेकायदेशीर आहेत. पर्याय म्हणून मुन्या नावाची पुदिन्यासारखी पहाडी वनस्पती असते, तिचा चहा मागा.

शुक्रवारी दुपारी कामावरून सुटता आलं तर शुक्रवारीच निघा. एका रात्रीचं भाडं वाढेल, पण शनिवार सकाळ ताजी मिळेल आणि शरीराला बारा-चौदा तास जास्त मिळतील. ते शक्य नसेल तर शनिवारचं अगदी पहाटेचं विमान घ्या. बसचा विचार करू नका, लिमा ते कुस्को बसला वीस तासांहून जास्त लागतात. विमानं दिवसभर भरपूर असतात आणि स्वस्त कंपन्यांच्या तिकिटात बहुधा फक्त पाठीवरची लहान पिशवी धरलेली असते. बॅगेचे वेगळे पैसे धरून मगच तिकिटांची तुलना करा. दोन दिवसांना पाठपिशवी पुरते. त्यात एक उबदार जाकीट, पातळ रेनकोट, टोपी, सनस्क्रीन हवंच. तिथलं ऊन थंड हवेत कळत नाही आणि कातडी सोलून काढतं. जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि स्वस्त हॉटेलात हीटर नसतो, तेव्हा खोली घेताना जास्तीची ब्लँकेटं आणि गरम पाणी या दोन गोष्टी विचारून घ्या.

विमानतळ शहरातच आहे, मुख्य चौकापासून पाचेक किलोमीटरवर. इमारतीतून बाहेर येताच टॅक्सीवाले गराडा घालतात आणि दुप्पट-तिप्पट भाडं सांगतात. कुस्कोच्या टॅक्सींना मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवायचं. मोबाइल अॅपवरून बोलावलीत तर पंधरा-वीस सोलमध्ये काम होतं. डॉलरला साधारण साडेतीन सोल आणि सोलला साधारण २५ रुपये, या हिशेबाने पुढचे आकडे लावून बघा.

मुक्कामाबद्दल माझं मत बऱ्याच लोकांपेक्षा वेगळं आहे. फोटो बघून सगळे सान ब्लास निवडतात. पांढऱ्या भिंती, निळी दारं, दगडी गल्ल्या, सगळं खरं. पण तिथली प्रत्येक गल्ली म्हणजे चढ आहे, आणि पहिल्या रात्री सामान घेऊन त्या पायऱ्या चढणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. दोनच दिवस असतील तर प्लासा सान फ्रान्सिस्को, सान पेद्रो बाजार किंवा आवेनिदा एल सोलच्या आसपास राहा. तिथे जुन्या वाड्यांमधली ओस्ताल, म्हणजे छोटी हॉटेलं, असतात, मधे चौक आणि चारही बाजूंना लाकडी सज्जे. दोघांची साधी, स्वच्छ खोली शंभर ते दीडशे सोलमध्ये मिळते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पेरूत न राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला, मुक्काम साठ दिवसांच्या आतला असेल तर, हॉटेलच्या बिलावरचा १८ टक्के कर माफ असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि देशात आल्याची नोंद दाखवावी लागते. तुम्ही तीन महिन्यांसाठी आहात, त्यामुळे साठ दिवस उलटायच्या आत गेलात तरच याचा फायदा. खोली आरक्षित करताना दाखवलेल्या दरात हा कर धरला आहे का, हे विचारा.

शनिवार सकाळ. सामान टाका, तासभर पडा आणि मग प्लासा दे आर्मास या मुख्य चौकात जा. आज दिसतो त्याहून इंकांचा चौक बराच मोठा होता. आजचा प्लासा रेगोसिहो हाही त्याचाच दुसरा भाग, मधून साफी नावाची नदी वाहायची. ती नदी आता रस्त्यांखाली झाकली गेली आहे. समारंभाच्या या चौकात इंकांनी समुद्रकिनाऱ्याहून वाळू आणून पसरली होती, असं स्पॅनिश नोंदींमध्ये सापडतं. याच चौकात १५७२ मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याचा शिरच्छेद झाला, आणि १७८१ च्या मे महिन्यात स्पॅनिशांविरुद्ध लढा उभारणारा दुसरा तुपाक आमारू आणि त्याची बायको आणि लढ्यातली बरोबरीची सूत्रधार मिकाएला बास्तिदास यांना हाल करून मारलं गेलं. बाकावर बसून कॉफी पिताना हे ठाऊक असावं असं मला वाटतं.

चौकातलं मुख्य चर्च इंका राजा विराकोचाच्या वाड्याच्या जागी आहे. बांधायला जवळपास शंभर वर्षं लागली, १६५४ मध्ये ते पूर्ण झालं, आणि त्याला लागलेला दगड मोठ्या प्रमाणात शहराच्या वर असलेल्या साक्सायवामान गडाच्या भिंती उकलून आणला. आतलं तिकीट महाग आहे, माणशी चाळीसेक सोल. चित्रांची आवड असेल तरच घ्या. आवड असेल तर मात्र मार्कोस सापाताचं ‘शेवटचं भोजन’ चुकवू नका, त्यात येशूच्या पुढ्यातल्या ताटात कुस्कोच्या पद्धतीने भाजलेला कुय, म्हणजे गिनी पिग, ठेवलेला आहे. पहाटेच्या प्रार्थनेला प्रवेश फुकट असतो, पण तो प्रार्थनेसाठी. मागे शांत बसणार असाल तर जा, फिरून फोटो काढायला जाऊ नका.

चौकाच्या कोपऱ्यातून लोरेतो नावाची अरुंद गल्ली निघते. माझ्या लेखी कुस्कोतली सगळ्यात मोलाची फुकट गोष्ट हीच. दोन्ही बाजूंना इंकांच्या भिंती. एका बाजूला आमारूकांचा, म्हणजे वाइना कापाकचा वाडा होता. दुसऱ्या बाजूला आक्यावासी, निवडलेल्या स्त्रियांचं निवासस्थान. सूर्यपूजेची वस्त्रं विणणं आणि पूजेसाठी चिचा, म्हणजे मक्याची दारू, बनवणं ही त्यांची कामं. पुढे त्याच जागेत स्पॅनिशांनी सांता कातालिनाचा जोगिणींचा मठ केला. भिंतीजवळ उभं राहून नीट बघा. दगडांच्या मधे चुना नाही, माती नाही. आपल्याकडे हेमाडपंती देवळं पाहिलेल्याला हे नवं वाटायचं नाही. इथला फरक असा की पाथरवटांकडे लोखंड नव्हतं. बांधायच्या दगडाहून कठीण गोट्यांनी ठोकून, पुन्हा पुन्हा बसवून बघत दगडाचा सांधा जुळवला जायचा. भिंत सरळ नसून किंचित आत कललेली असते. दारं आणि कोनाडे वर निमुळते असतात. भूकंपाच्या प्रदेशात ही भिंत हलते आणि परत आपल्या जागी बसते.

हे बोलणं पोकळ नाही, याची साक्ष कोरिकांचात मिळते. लोरेतोवरून सरळ चालत गेलात की सूर्यमंदिर येतं. याच्या भिंतींना सोन्याचे पत्रे होते. स्पॅनिशांच्या कैदेतल्या आतावाल्पा या इंका राजाच्या खंडणीसाठी १५३३ मध्ये स्पॅनिश माणसांनी ते उचकटून नेले. नंतर मंदिरावर सांतो दोमिंगोचा मठ चढला. २१ मे १९५० च्या भूकंपात मठाचा बराच भाग कोसळला, इंकांची गोल वळणाची भिंत जागची हलली नाही. पडझड दूर करताना आत दडलेल्या इंका खोल्याही उजेडात आल्या. इथे वीसेक सोलचं वेगळं तिकीट आहे आणि दोन दिवसांत मी ज्यावर आग्रहाने पैसे खर्च करायला लावीन ते हेच. शनिवारीच करा, कारण रविवारी हे दुपारी उघडतं.

दुपारनंतर कासा कोंचा. हे चौकाजवळ, सांता कातालिना गल्लीत, जुन्या वाड्यातलं छोटं संग्रहालय आहे आणि बाहेरचे लोक इथे फारसे येत नाहीत. अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅमने १९११ नंतर माचू पिच्चूहून खोदून अमेरिकेत येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू, पेरूने बराच काळ झगडून २०११ पासून परत मिळवल्या, त्या इथे ठेवल्या आहेत. तिकीट वीस सोलच्या घरात. माचू पिच्चूला जाणं होणार नाही म्हणून पत्नीला वाईट वाटत असेल तर तिला इथे घेऊन या.

बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आतुन रुमियोक गल्लीत आहे, इंका रोकाच्या वाड्याच्या भिंतीत. त्याच्यापुढे फोटोसाठी रांग असते. तुम्ही रांगेच्या वीस पावलं अलीकडे-पलीकडे उभे राहून उरलेली भिंत बघा, तीही तितकीच सुंदर आहे. हात मात्र लावू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने या दगडावर घाव घालून टवके उडवले. इंकाचा पोशाख घातलेली माणसं आणि अल्पाकाचं पिल्लू कडेवर घेतलेल्या बायका इथे आणि चौकात भेटतात. फोटो काढला की दोन-चार सोल द्यायचे, आधी विचारून. दम चांगला टिकला असेल तर याच गल्लीने थोडं वर सान ब्लासचा चौक आहे, शनिवारी तिथे कारागिरांचा बाजार भरतो. डोकं जड वाटत असेल तर सान ब्लास रविवारी उतरताना करा, वाट तिथूनच जाते.

जेवण. कुस्कोत पैसे वाचवायचे तर मुख्य जेवण दुपारी करा. बारा ते तीनच्या दरम्यान छोट्या खानावळींच्या दारावर फळा लागतो, ‘मेनू’. सूप, मुख्य पदार्थ आणि काहीतरी पेय, मिळून दहा ते पंधरा सोल. चौकाच्या सज्जांवरची हॉटेलं याच जेवणाचे तिप्पट-चौपट घेतात. सान पेद्रो बाजारात तर याहून स्वस्त. बाजाराच्या आत रसवाल्या बायकांची लांबच लांब ओळ असते, पपई, अननस, गाजर, बीट काहीही सांगा. पेला संपला की मिक्सरमधला उरलेला रस पुन्हा ओतून देतात, तो त्यांचा रिवाज आहे, नको म्हणू नका. मात्र रस बाटलीबंद किंवा उकळलेल्या पाण्यात करायला सांगा आणि बर्फ टाळा. आग्वायमांतो म्हणजे आपली रसभरी, ती मूळची याच पहाडांतली. चिरिमोया हे सीताफळाचं सख्खं भावंड आहे, पिकलेलं बघून घ्या. ओरोपेसा गावाची गोड, ताटाएवढी गोल पाव-भाकरी इथे मिळते, ती रविवारच्या शिदोरीला.

पत्नीच्या शाकाहाराबद्दल नीट वाचा. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगितलं तर कोंबडी येते, कारण तिथे कार्ने म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात गायीचं मांस असतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे नको, असं तिन्ही म्हणायचं. तरीही सुपात हाडांचं पाणी असतं. किनोआचं सूप दिसायला निव्वळ भाजीचं असतं, पण काल्दो, म्हणजे त्यातलं पाणी, कशाचा आहे ते विचारा. खात्रीचे पदार्थ सांगते: चोक्लो कोन केसो, म्हणजे टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि ताज्या चीजचा तुकडा; सोल्तेरितो, चीज, मका आणि घेवड्याच्या दाण्यांची कोशिंबीर; उकडलेल्या बटाट्यावर पिवळ्या मिरचीची चीजवाली चटणी घातलेला पापा आ ला वांकाइना, पण त्यावर अंडं असतं, नको असेल तर सांगायचं; आणि बाजारातला अव्होकाडो भरलेला पाव. चिनी पद्धतीच्या खानावळींना तिथे चिफा म्हणतात, त्या सगळीकडे आहेत आणि भाज्यांचा भात समोर परतून देतात. सान ब्लास आणि चौकाच्या मधल्या गल्ल्यांत पूर्ण शाकाहारी खानावळीही आहेत, त्यांचाही दुपारचा मेनू स्वस्त असतो. रात्री सूप आणि पाव यावर भागवा, उंचीवर पचन मंदावतं.

रविवारी सकाळी आधी स्वतःला विचारा: रात्री झोप लागली का, डोकं दुखतंय का? दुखत असेल तर वर जायचं नाही. चौकात रविवारी सकाळी बहुधा ध्वजवंदन आणि संचलन असतं, शाळकरी मुलांपासून सैनिकांपर्यंत, ते बघा. कुस्कोचा सप्तरंगी झेंडाही तिथे फडकताना दिसेल. मग खालच्या सपाट गल्ल्यांत फिरा. तब्येत ठीक असेल तर मात्र लवकर निघा, कारण आजचा दिवस चालण्याचा आहे.

शहराच्या वर एकाच रस्त्यावर चार जुनी ठिकाणं आहेत. एजन्सीवाले दुपारच्या बसने चारही दोन-तीन तासांत फिरवून आणतात. त्याऐवजी पुपुती गल्लीतून पिसाकला जाणारी शेअर गाडी पकडा, तिला तिथे कोलेक्तिवो म्हणतात, आणि चालकाला ‘तांबोमाचाय’ सांगून तिथे उतरा. माणशी थोडेसे सोल लागतात. तांबोमाचाय सुमारे ३,७०० मीटरवर, सगळ्यात उंच. तिथून उतरत उतरत कुस्कोला पायी यायचं, आठेक किलोमीटर. चढ फार थोडा, दमही कमी लागतो.

तिकिटाचं नाव बोलेतो तुरिस्तिको. पूर्ण तिकीट १३० सोलचं, दहा दिवस चालतं आणि त्यात पिसाक, ओयान्तायताम्बो, मोराय, काही संग्रहालयं असं सगळं येतं. तुम्हाला ते नको. त्याचे अर्धे प्रकार ७० सोलचे असतात. त्यातलं सर्किट एक म्हणजे नेमकी ही चार ठिकाणं आणि ते एकाच दिवसासाठी असतं, म्हणून आधी घेऊन ठेवू नका. रोख सोल जवळ ठेवा आणि पहिल्या ठिकाणाच्या दारावर घ्या. शहरातल्या संग्रहालयांचं सर्किट दोनही ७० सोलचं आहे, पण दोन दिवसांत त्याचे पैसे वसूल होत नाहीत.

तांबोमाचायला दगडी पाटांतून आजही पाणी वाहतं. रस्ता ओलांडला की समोर पुका पुकारा, लालसर दगडाचं टेहळणीचं ठाणं. या दोन्हींत मिळून पाऊण तास पुरतो. नंतरचा मोठा टप्पा रस्त्याच्या कडेने आणि शेतांतून जातो, गावं लागतात, मेंढ्या लागतात. घोडेवाले मागे लागतील, गरज नाही. वाट एकाकी असते म्हणून दोघांनी सोबतच राहा आणि दुपारी उशीर करू नका. केन्को हा अख्खा खडक आहे, वर नागमोडी पन्हळी कोरलेल्या आणि आत गुहेत कापून काढलेला थंड दगडी ओटा.

साक्सायवामानसाठी निदान दीड तास राखून ठेवा. करवतीच्या दातांसारख्या तीन भिंती, एकावर एक, चुनखडीच्या प्रचंड शिळांच्या. सगळ्यात मोठ्या शिळेचं वजन शंभर टनांच्या वर असावं असा अंदाज आहे. त्या शिळेचीही कड शेजारच्या शिळेच्या कडेशी लोरेतोच्या भिंतीइतक्याच निगुतीने जुळवलेली आहे. १५३६ मध्ये इंका राजा मांको इंकाने कुस्कोला वेढा घातला तेव्हा हा गड त्याच्या ताब्यात होता. तो परत घेताना पिझारोचा भाऊ हुआन मारला गेला. नंतर स्पॅनिशांनी ही जागा खाण म्हणून वापरली, हलवता येतील ते सगळे दगड शहरात गेले. काल चर्चच्या भिंतीत पाहिलेला दगड इथला आहे हे इथे उभं राहिल्यावर कळतं, आणि म्हणूनच मी हा क्रम लावते, आधी शहर, मग गड. शेजारच्या टेकडीवर पांढरा ख्रिस्ताचा पुतळा आहे, तिथून सगळं कुस्को दिसतं, फुकट.

उतरायला पुमाकुर्को गल्लीची वाट घ्या. सान क्रिस्तोबालच्या चौकातून आणखी एकदा कौलांचं शहर बघायला मिळेल. तिथून डावीकडे वळून सान ब्लासमधून खाली आलात की दुपारचं जेवण, आणि मग आवेनिदा एल सोलवरचं पारंपरिक वस्त्रांचं केंद्र, सेंत्रो दे तेक्स्तिलेस त्रादिसिओनालेस देल कुस्को. १९९६ पासून हे केंद्र आसपासच्या गावांतल्या विणकर बायकांबरोबर काम करतंय. मागचं छोटं संग्रहालय फुकट आहे आणि बहुधा विणकर तिथे बसून विणत असतात. किमती बाजारापेक्षा जास्त आहेत आणि त्या रास्त आहेत. बाजारात चाळीस सोलला ‘बेबी अल्पाका’ म्हणून मिळणारा स्वेटर बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा असतो. स्वेटर म्हणून आवडला तर जरूर घ्या, अल्पाका समजून घेऊ नका. घासाघीस बाजारात करा, या केंद्रात करू नका.

दोघांचा एकूण हिशेब असा पडतो. एका रात्रीची खोली १२० सोल, दोन दिवसांचं खाणंपिणं १६०, सर्किट एक १४०, कोरिकांचा ४०, कासा कोंचा ४०, विमानतळाच्या टॅक्सी ४०, कोलेक्तिवो १०. बेरीज ५५०, म्हणजे पावणेचौदा हजार रुपयांच्या आसपास. शुक्रवारची रात्र जोडली तरी सतरा हजारांत बसतं. उरलेले पैसे वस्त्र केंद्रात खर्च करा किंवा राखून ठेवा.

महिना निवडायची मुभा असेल तर मे किंवा सप्टेंबर घ्या, कोरडं हवामान आणि खोल्या स्वस्त. २४ जूनला इंती राय्मी हा सूर्याचा उत्सव असतो, त्या आठवड्यात आणि जुलैअखेर पेरूच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत खोल्यांचे दर फार चढतात. डिसेंबर ते मार्च पाऊस. तेव्हाही जाता येतं, सकाळी उघडीप असते, पण विमानं ढगांमुळे रखडतात.

तुम्ही लिमात आधीच आहात, म्हणून व्हिसाचा प्रश्न तुम्हाला नाही. पण अमेरिकेत वा युरोपात राहणारे नातेवाईक यायचं म्हणत असतील तर त्यांना सांगा: भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा निदान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही.

परतीचं विमान रविवारी संध्याकाळचं घ्या आणि सोमवारी सकाळी महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. कुस्कोचा विमानतळ डोंगरांच्या मधे आहे, हवामान बिघडलं की शेवटची उड्डाणं रद्द होतात. पेरूत संप आणि रास्ता रोकोही अचानक होतात, शुक्रवारी सकाळी एकदा बातम्या बघून घ्या. खोली आरक्षित करताना तारखा बदलायची सोय असलेला दर निवडा, पाच-दहा सोल जास्त गेले तरी चालतील.